पहिलं बोट उठतं, तिथेच अडवा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या भावाबहिणींनो,

मिरगाचा पाऊस पडला की आपल्याकडे तापाचे दिवस सुरू होतात. पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडची वाट तुटते. नाल्यापलीकडच्या गावांसाठी दवाखाना दिसतो तिथेच असतो, पण पोचता येत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडे रोवणीच्या चिखलात साप पायाखाली येतात. अशा दिवसांत एखाद्या घरातलं लेकरू तापानं फणफणतं, दोन रात्रींत हातचं जातं, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात बसलेल्या माणसांतून कुणीतरी हळू आवाजात म्हणतं, "हिनंच केलं."

हे आवाहन त्या दोन शब्दांबद्दल आहे. ते शब्द तोंडातून निघाल्यापासून माणसाच्या अंगावर हात पडेपर्यंत कधी महिने जातात, कधी एकच रात्र जाते. जो काही वेळ मिळतो, तो आपल्या हातातला असतो. आजवर तो आपण घालवत आलो.

१ मे २०२४ आठवा. एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात एक बाई आणि एक पुरुष, दोघंही पन्नाशी ओलांडलेले, जादूटोणा करतात या संशयावरून मारले गेले, जाळले गेले. पोलिसांनी पंधरा जणांना अटक केली. त्यांत परके कुणी नव्हते. गावातलीच माणसं होती, त्या बाईच्या स्वतःच्या घरातलीही होती. तारीख महाराष्ट्र दिनाची, म्हणजे दरवर्षी ग्रामसभा ज्या दिवशी भरवायची असते त्यातलाच एक दिवस.

त्याआधी ऑगस्ट २०२१. जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) या गावात दलित कुटुंबांतल्या सात जणांना, त्यांत बाया होत्या आणि म्हातारी माणसं होती, भानामती केल्याच्या संशयावरून भर चौकात बांधून मारलं. गाव बघत होतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या स्मृतिदिनाच्या अगदी आसपासची ही घटना.

या दोन्ही घटनांनंतर तेच झालं जे नेहमी होतं. पोलीस आले, अटका झाल्या, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मुंबई-पुण्याच्या लोकांनी हळहळ व्यक्त केली, आणि "अशांना फाशीच द्या" असं पुष्कळांनी म्हटलं. मला त्या रागाबद्दल तक्रार नाही. पण फाशी किंवा जन्मठेप ही शिक्षा माणूस मेल्यावरच देता येते. मला तुमच्याकडून त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट हवी आहे, आणि तीसुद्धा कायद्यातलीच आहे.

त्या कायद्याचं पूर्ण नाव फार लांब आहे: महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३. माडिया बोलणाऱ्या आजीला हे नाव एका श्वासात वाचून दाखवा आणि तिला काय कळलं ते विचारा. आपल्याकडे सगळे त्याला जादूटोण्याचा कायदा म्हणतात, तेच बरं. न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी त्याचा मसुदा केला होता. दाभोलकर आणि त्यांचे सहकारी कैक वर्षं त्यासाठी झटले, विधिमंडळात तो पुन्हापुन्हा अडला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि आठवडाभरात वटहुकूम निघाला. डिसेंबरात, आपल्या शेजारच्या नागपुरात, हिवाळी अधिवेशनात त्याचा कायदा झाला. एका माणसाच्या रक्तानं हा कायदा मंजूर झाला आहे. खुनाच्या खटल्याचा निकाल लागायला पुढं दहा वर्षांहून जास्त काळ गेला. बारसेवाड्याच्या घटनेनंतर नऊच दिवसांनी, १० मे २०२४ ला, पुण्याच्या न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं.

आता नीट ऐका, कारण सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. या कायद्याला बारा कलमांची अनुसूची जोडलेली आहे, आणि गुन्हे तिच्यात सांगितले आहेत. त्यांतलं एक कलम म्हणतं: अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्रानं गाईचं दूध आटवतो, त्याच्यामुळे गावावर संकट येतं, रोगराई पसरते, असं भासवून त्याचं जगणं कठीण करणं हा गुन्हा आहे. माणसाला सैतान ठरवणं हाही गुन्हा आहे. त्यानंतरचं कलम मारहाणीचं, नागवी धिंड काढण्याचं आणि रोजच्या व्यवहारांवर बंदी घालण्याचं आहे.

म्हणजे या कायद्याला आधी प्रेत लागत नाही. अंगावर वळ उठायची वाट त्याला पाहावी लागत नाही. बोट दाखवून, नाव घेऊन, कुणाचं विहिरीवर जाणं, दुकानात जाणं, रोवणीच्या कामाला जाणं अवघड केलं, की गुन्हा घडला. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं. दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

दखलपात्र या शब्दापाशी जरा थांबतो. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला "गावातला वाद आहे, गावात मिटवा" असं सांगून परत पाठवलं जातं, किंवा अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला जातो. या गुन्ह्यात तसं करता येत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिताकुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, आणि तक्रारीची प्रत फुकट मिळते. शिवाय जादूटोण्याच्या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. तो निरीक्षकाच्या दर्जाचा किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी असतो, आणि गुन्हा ओळखणं, रोखणं हे त्याचं काम आहे. तुमच्या भागाचा दक्षता अधिकारी कोण आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्याचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक पोलीस मदत केंद्राच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला लावा. दारूबंदीच्या आणि हागणदारीमुक्तीच्या घोषणांनी आपल्या भिंती भरल्या आहेत, एवढी एक ओळ मावेल.

पंधरा माणसं तुरुंगात गेली म्हणजे काय होतं, तेही जवळून पाहा. पंधरा घरांतला मोहफुलं वेचणारा, तेंदूपत्ता तोडणारा, बांधी नांगरणारा हात गेला. तारखेला जायचं तर एसटीचं भाडं, वकील, बुडालेला रोज. लेकरांची शाळा सुटते. मेलेल्याच्या घराला न्याय मिळतो की नाही, ते कुणी सांगू शकत नाही, कारण साक्ष द्यायची कुणी? सगळं गाव एकतर आरोपी असतं नाहीतर आरोपीचं नातेवाईक. ज्या बुवानं, ज्या पुजाऱ्यानं पहिल्यांदा नाव सुचवलं असतं, तो कित्येकदा गर्दीत हात उगारायला नसतोच. म्हणून मला वाटतं, नाव घेणाऱ्या एकाला वेळेवर झालेली सहा महिन्यांची शिक्षा ही पंधरा जणांच्या जन्मठेपेपेक्षा मोठा न्याय आहे. तिच्यात कुणी मरत नाही, आणि पंधरा घरंही उद्ध्वस्त होत नाहीत.

हे आदिवासींचं मागासलेपण आहे, असं जे शहरातून म्हणतात त्यांना एवढंच सांगतो. जून २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला गुप्तधनाच्या नादात एका मांत्रिकाकडून एकाच कुटुंबातल्या नऊ जणांचा जीव गेला. त्या घरात डॉक्टर होता, शिक्षक होता. दाभोलकरांना गोळ्या घातल्या त्या पुण्यात. तेव्हा हा दोष माडिया-गोंडांच्या कपाळी चिकटवू नका. आणि माडिया-गोंड बांधवांनो, तुम्हालाही सांगतो: हा कायदा तुमच्या देवाच्या, गावच्या पेरम्याच्या, पंडुम सणाच्या आड येत नाही. पूजा, प्रार्थना, सण, जत्रा, धार्मिक विधी यांना त्यानं स्पष्ट वगळलं आहे. देवाला कोंबडं द्या, नवस फेडा. माणसाला बोट दाखवू नका.

आणि आता जे बोलायचं ते सरकारी यंत्रणेशी आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात दोन लहान भावंडांना ताप आला. आईबापांनी त्यांना पुजाऱ्याकडे नेलं, तिथे जडीबुटी दिली गेली, आणि दोन्ही लेकरं गेली. प्रेतं घरी न्यायला गाडी मिळाली नाही. एक लेकरू बापाच्या खांद्यावर, एक आईच्या, आणि चिखलातून, नाल्यांतून पंधरा किलोमीटरची वाट. ते चित्र साऱ्या देशानं पाहिलं. त्या आईबापांना अंधश्रद्धाळू म्हणणं सोपं आहे. ज्या वाटेनं प्रेत नेता आलं नाही, त्या वाटेनं तापलेलं लेकरू नेता आलं असतं का, हे आधी विचारा. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर औषधोपचार न घेऊ देता मंत्रतंत्र करणं याच कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे. ते योग्यच आहे. पण दवाखान्याची वाट बंद आणि पुजाऱ्याचं दार उघडं, असं असताना फक्त पुजाऱ्याला पकडणं हा अर्धाच कायदा झाला. उरलेला अर्धा म्हणजे पूल, गाडी, मलेरियाची गोळी आणि सर्पदंशाची लस. शासनानं तो पाळायचा आहे.

ज्या मृत्यूचं कारण घरच्यांना कळत नाही, त्या मृत्यूचं कारण गाव शोधतं, आणि गावाला सापडतं ते एकटीदुकटी म्हातारी. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, परिचारिकांना, आशाताईंना माझी हात जोडून विनंती आहे. मृत्यू झाला तर नोंद करून पाठ फिरवू नका. त्या घरी बसा. लेकरू मलेरियानं गेलं, निमोनियानं गेलं, ते त्यांच्या बोलीत, गोंडीत, माडियात, तेलुगूत सांगा. शेजाऱ्यांना बोलावून सांगा. रक्ताचा अहवाल असेल तर तो हातात देऊन समजवा. हे काम तुमच्या कुठल्याही नमुन्यात लिहिलेलं नाही, मला ठाऊक आहे. पण गडचिरोली जिल्ह्यातच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटवून दाखवले, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते जगापुढं मांडलं. लेकरू जगलं की बोट उचलायला कारणच उरत नाही. माझ्या लेखी तो आरोग्याचा प्रयोग जादूटोण्याच्या कायद्याचीही अंमलबजावणीच होता.

ग्रामसभांकडे माझी मागणी सगळ्यात मोठी आहे, कारण या दोन जिल्ह्यांत ग्रामसभेइतकी ताकद दुसऱ्या कशात नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक द्यायला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री त्यांच्या अंगणात आले. पेसा कायद्यानं आपल्या ग्रामसभांना रूढी-परंपरा जपण्याचा आणि पारंपरिक पद्धतीनं तंटे सोडवण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार फार मोलाचा आहे. पण तंटा सोडवायला बसलेली बैठक आणि कुणाला 'करणीवाली' ठरवायला बसलेली बैठक बाहेरून सारखीच दिसते. तीच चावडी, तीच माणसं, तोच गोल.

मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीनं होतात. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय थांबतो, त्याला समजावावं लागतं किंवा त्याचं ऐकावं लागतं. ही रीत मला इथे हवी आहे. ज्या रात्री गावाच्या बैठकीत कुणाचं नाव घेतलं जाईल, त्या रात्री एक माणूस उठून "मला मान्य नाही" म्हणाला पाहिजे. तो पोलीस पाटील असो, अंगणवाडी ताई असो, बारावी झालेली पोर असो. आणि तुम्ही जंगल राखणारी माणसं आहात. जंगलाला आग लागल्याचं दिसलं की रात्री उठून पाला झाडता, जाळपट्टा काढता. कुणाचं नाव घेतलं गेलं की तसंच धावून जा.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा कायदा घ्यायला लावा. सचिवाकडे आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अनुसूची वाचून दाखवायची ती आपल्या बोलीत, आणि वाचणारी गावातली शिकलेली मुलगीच असू द्या. ठराव करा की आमच्या गावात कुणी कुणाला करणीवाला ठरवणार नाही आणि तसं झाल्यास ग्रामसभा स्वतः तक्रार देईल. तक्रारदार म्हणून एकट्या बाईचं नाव पुढं आलं की ती दबावाखाली मोडते. ग्रामसभेचं नाव असेल तर तिच्या मागं गाव उभं असेल.

सीमेपलीकडे आपली सोयरीक आहे. छत्तीसगडनं २००५ मध्ये टोनही प्रताडनेविरुद्ध कायदा केला. तिथे कुणाला नुसतं टोनही ठरवलं तरी तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. नाव बदलतं, टोनही असो की करणीवाली, तरी लग्नकार्यात, बाजारात ही कुजबुज नदी ओलांडून येते आणि जाते. तिकडच्या नातेवाइकांनाही हे सांगा.

मारहाण टळली तरी बहिष्कार सुरू होतो. पाणी बंद, आगपेटी बंद, मयतीला कुणी येत नाही. त्यासाठी महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला बाहेरच्या समाजातल्या कुणी जादूटोण्याचा आळ घालून छळलं, तर २०१६ पासून ॲट्रॉसिटी कायद्यातही तो स्वतंत्र गुन्हा आहे. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. कोणत्याही महिलेला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१००. माझ्या वकील मित्रांनो, ही प्रकरणं आली की टाळू नका, आणि आरोपींचीही चांगली बाजू मांडा. भीतीपोटी गर्दीत उभा राहिलेला आणि नाव घेऊन गर्दी जमवणारा, या दोघांना एकाच मापानं शिक्षा होणं हाही अन्याय आहे.

तरुण मुलांनो, गावाच्या व्हॉट्सॲपवर कुणाचं नाव, कुणाचा फोटो "हिच्यापासून सावध" म्हणून आला, तर तो पुढं पाठवू नका. तसाच ठेवा, पुरावा आहे तो. आणि ११२ लावा. रेंज नसेल तर टेकडीवर जा, जिथून एरवी पिक्चर डाउनलोड करता तिथेच.

शेवटचं एक, आणि हे मी प्रत्येकाला वेगवेगळं, समोर बसून सांगतो आहे असं समजा. तुमच्या गावात उद्या कुणाचं नाव घेतलं जाईल, ते तुम्हाला आजच ठाऊक आहे. गावकुसाजवळ एकटी राहणारी. नवरा गेलेली, मूलबाळ नसलेली, किंवा दोन एकर जमीन जिच्या नावावर आहे आणि दिराचा तिच्यावर डोळा आहे. जडीबुटी जाणणारा म्हातारा. लहान पोरं ज्यांच्या घरावरून पळत जातात ती माणसं. आज संध्याकाळी दोघंतिघं मिळून त्या घरी जा. अंगणात बसा, चहा मागा, गावाला दिसेल असं बसा. निघताना ११२ हा आकडा चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं मोठा लिहून द्या, आणि त्याखाली तुमचा स्वतःचा नंबर.